आवकमध्ये पडलेली फाइल

फणसवाडी, मुंबई
बुधवार, दुपार

प्रिय अनू,

रविवारी फोनवर तू म्हणालीस की मला ती फाइल उघडायचीच नाहीये, म्हणून मी ब्राउझरचं निमित्त पुढे करते. मी फोन ठेवला. आपटलाच असता, पण हल्लीचे फोन आपटता येत नाहीत, नुसतं बोट लावायचं असतं, आणि त्यात कसलं समाधान नाही. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, हा एक मोठा फायदा. अक्षर गिचमिड आलंय, बोटं आता पूर्वीसारखी वळत नाहीत, पण लागेल तुला.

तुझं म्हणणं मला पाठ आहे, रोज ऐकते. हे घर विकायचे कागद तू वकिलाकडून तयार करून मेलवर पाठवलेस. मी ते वाचायचे, होय-नाही काय ते कळवायचं, आणि सगळं ठीक असेल तर सामान बांधून कायमची तुझ्याकडे बंगळुरूला यायचं. घेणारा माणूस महिनाअखेरपर्यंतच थांबणार. समजलं गं बाई. पण मेलमधल्या त्या कागदाच्या चित्रावर क्लिक केलं की वरच्या कोपऱ्यात एक बाण डोळा मारतो आणि नाहीसा होतो. पुन्हा क्लिक केलं, पुन्हा बाण. आणि हे फक्त तुझ्याच फाइलच्या बाबतीत आहे असं समजू नकोस. विजेचं बिल उघडत नाही, डॉक्टरांचा रिपोर्ट उघडत नाही, मुंजीची पत्रिका आली तीही नाही. मी काय पत्रिकेलाही घाबरले होते का?

विक्रांतने व्हिडिओ कॉलवर केवढी खटपट केली, विचार त्याला. बंद करून चालू करा, अपडेट करा, दुसऱ्या खिडकीत उघडून बघा, डाउनलोडमध्ये जाऊन बघा. डाउनलोडमध्ये गेले, तिथे शुकशुकाट. जावई म्हणून मुलगा गुणी आहे, एकदाही आवाज चढवला नाही, पण उजवीकडची तीन टिंबं दाबा म्हणतो तेव्हा माझ्या उजवीकडे की त्याच्या, ते सांगत नाही. शेवटी मीच म्हटलं, जा बाबा, तुझी मीटिंग असेल. त्याने जरा जास्तच पटकन हो म्हटलं.

मग सौमित्रला बोलावलं. ठाकूरद्वारच्या नाक्यावर कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे ना, तोच. चांगला पन्नाशीचा बाप्या, पण जिना चढून आला तो धापा टाकत. दोन मिनिटं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, मावशी, ह्याच्यात लई कचरा जमलाय, पूर्ण साफ करून टाकतो, एकदम कोरा होईल, मग बघा कसा पळतो. त्याचं बोट त्या बटणावर जायला आणि मी त्याचा हात धरायला एकच गाठ पडली. तो एवढा दचकला की खुर्ची मागे सरकली. मग त्याला चहा दिला, वाटीभर चिवडा दिला आणि घरी पाठवलं. म्हातारीचं डोकं फिरलंय असं तो नाक्यावर सांगत असेल. सांगू दे.

तो ज्याला कचरा म्हणाला ते काय आहे, तुला सांगते. वर शोधायच्या पट्टीत मी नुसता 'भ' लिहिला की पुढचं आपोआप उमटतं, भरती ओहोटीच्या आजच्या वेळा. तुझे पप्पा रोज चौपाटीवर निघायच्या आधी बघायचे ना. 'ज' लिहिला की जुन्या इंग्रजी सिनेमांची नावं. आणि 'गु' लिहिलं की येतं, गुडघेदुखी जिना चढताना उपाय. अनू, पप्पांचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते. ते माझ्यासाठी शोधत होते, आणि मला मात्र तोंडावर म्हणायचे की बेबी, नाटकं पुरे, चल वर. मला हे ते गेल्यावर कळलं. दिवाळीनंतर आता एवढे महिने झाले, रोज सकाळी चहा घेऊन मी कंप्युटर लावते, एकेक अक्षर लिहिते आणि जे येईल ते उघडून बघते. भरती कधी आहे ते मला कळतं. चौपाटीवर मी जात नाही, पण भरती कधी आहे ते माहीत असतं. एवढ्या मोठ्या घरात दिवसभरात माझ्याशी आपणहून बोलणारी तेवढीच एक वस्तू आहे. ती मी सौमित्रला कोरी करू देऊ का?

म्हणून मग मीच बसले. तुझ्या आईला अगदीच ढ समजू नकोस. पोस्टाच्या बचत खात्यात आयुष्य घालवलंय, बारीक अक्षर वाचायची सवय आहे. त्या सेटिंगच्या पानावर गेले आणि वरून खाली एकेक ओळ वाचत आले, काही न बदलता. सोमवार त्यातच गेला, आमटी करपली. काल दुपारी सापडलं. एका ओळीत लिहिलेलं होतं की आलेले कागद इथे उघडायचे नाहीत, उतरवून घ्यायचे. आणि दुसऱ्या एका ओळीत, ते उतरवून कुठे ठेवायचे त्या जागेचं नाव होतं. नाव काय असेल सांग बघू. 'आवक'.

मी एकटीच हसत सुटले. खालच्या बाई बघायला वर आल्या, काय झालं म्हणून. त्यांना काय सांगणार. तुला सांगायला मात्र नको, तू त्या आवकच्या नावाने लहानपणापासून बोटं मोडत आलीस. आयुष्यभर फोर्टमध्ये सॉलिसिटरकडे हेडक्लार्की केलेला माणूस. आलेला कागद उभ्याने वाचायचा नाही, आल्या दिवशी वाचायचा नाही. दारातून आत आला की तो वेताच्या ट्रेमध्ये, आवकमध्ये, रात्रभर मुरणार. दुसऱ्या दिवशी चहा झाला की पप्पा तो मोठ्याने वाचणार, मी डोळे मिटून ऐकणार. कळलं की मी म्हणायचं, पुढे. नाही कळलं की म्हणायचं, परत. मग तो कागद विजेच्या बिलाचा का असेना. तू हॉस्टेलवरून पत्र पाठवलंस, विक्रांतशी लग्न करायचंय म्हणून, तेसुद्धा रात्रभर आवकमध्ये होतं. मी रात्रभर तळमळत होते, पण नियम म्हणजे नियम. सकाळी पप्पांनी वाचायला घेतलं आणि मध्ये एका ओळीवर थांबले. थांबले ते थांबलेच. चष्मा पुसला. मी डोळे उघडले नाहीत. म्हटलं, पुढे. मग त्यांनी पुढे वाचलं, आणि तुला हो म्हणून कळवलं.

तर पप्पांनी ब्राउझरलाही तेच शिकवून ठेवलं होतं. मेलवरचे कागद उघडून लोकांना फसवतात असं कुठेतरी वाचून त्यांनी हे करून ठेवलं असणार, आणि मला सांगायचं राहून गेलं असणार. त्यांचे कागद आले की तेच उतरवायचे, छापून आणायचे आणि वाचून दाखवायचे, म्हणून मला कधी कळायचं कारणच नव्हतं. ब्राउझर बिघडलेला नव्हताच गं. आम्ही सगळे त्याला शिव्या देत होतो आणि तो आपला सांगितलेलं काम मुकाट्याने करत होता. आवक उघडली तर सगळं तिथे होतं. बिल, रिपोर्ट, पत्रिका (मुंज होऊन गेली, आता आहेर पाठवायला हवा), आणि तुझी फाइल. जितक्या वेळा मी चिडून क्लिक केलं तितक्या वेळा ती आत येऊन पडलेली, एकाखाली एक, नुसती रांग.

काल ती रात्रभर आवकमध्येच राहू दिली. आज सकाळी लवकर उठले, आंघोळ केली, चहा केला. दोन कप झाला, अजून अंदाज चुकतो. मग खुर्चीत बसून फाइल उघडली. छान मोठ्या अक्षरात उघडली, वर तुझं नाव, खाली माझं, फणसवाडीचा पत्ता. आणि अनू, मी काय केलं माहितीये? सवयीने डोळे मिटून बसले. बसून राहिले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की कुणी वाचत नाहीये. तोपर्यंत चहा थंड झाला होता, दोन्ही कप. फाइल बंद केली. दोन दिवस मी त्या ब्राउझरशी झगडत होते ना, ते फार बरे दिवस होते, आता कळतंय.

तेव्हा तू म्हणालीस ते अर्धं खरं आहे. फाइल उघडायची नव्हती असं नाही, उघडली बघ. पण ह्या घराचा कागद मी एकटीने मनातल्या मनात वाचायचा, हे मला जमणार नाही. विक्रांतला पाठवू नकोस, मेलवर समजावून सांगू नकोस, वकिलाला फोन करायला लावू नकोस. महिना संपायच्या आत तू स्वतः ये. दोन दिवसांसाठी ये. आल्या आल्या कागदाचं नाव काढायचं नाही, रात्री नीट जेवायचं, कोळंबीचं भुजणं करीन. सकाळी चहा झाला की पप्पांच्या खुर्चीत बसायचं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायचं, घाई न करता. सही करीन की नाही, मला अजून माहीत नाही, आणि तूही विचारू नकोस. मध्ये कुठे तुझा आवाज अडला तर अडू दे. मी डोळे उघडणार नाही. पुढे म्हणीन.

वाट बघणारी,
तुझीच
आई