पंच्याण्णव अंशांचा पुरावा

२ मार्च, सोमवार

आजपासून खाजगी रोजनिशी. प्रयोगाच्या वहीत मनातलं लिहायची सोय नाही, ती कोणीही उघडतं. शेजारच्या टेबलावरची मांजरबाई तर नक्कीच. पाय न वाजवता येते, म्हणून मी ठेवलेलं नाव.

परिस्थिती अशी. ताप तपासायच्या पट्टीत अँटिबॉडी लागते. ती जंतूला चिकटते, मग पट्टीवर रेघ उमटते. पण अँटिबॉडीची प्रकृती नाजूक. फ्रिज नसला की मान टाकते, आणि जिथे ताप आहे तिथे फ्रिज नाही. म्हणून उकळत्या झऱ्यात सुखाने राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचं प्रोटीन घेऊन आम्ही त्याला अँटिबॉडीचं काम शिकवतोय. एक नमुना माझा, एक मांजरबाईचा. वीस तारखेला लॅबच्या प्रमुख मॅडम एक निवडणार. ज्याचा निवडतील तो नोकरीत कायम, दुसऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये खलास.

संकल्प: बोलायचं कमी, लक्ष ठेवायचं जास्त.

५ मार्च

माझं प्रोटीन काय चिकटतं! रेघ अशी ठसठशीत की लांबून दिसावी. त्यासाठी मूळ प्रोटीनमध्ये भरपूर फेरफार केले, पण सार्थक झालं. मांजरबाई डोकावून म्हणाली, छान आहे, पण एवढे बदल केलेत तर उष्णतेत टिकतंय का ते बघून घ्या.

जळते.

९ मार्च, सकाळी

आज तापवून पाहणार. कोपऱ्यातलं नळ्या तापवायचं छोटं मशीन काढलं. लगेच मांजरबाई हजर. म्हणे ते नका घेऊ, नुसता आकडा दाखवतं, तापत नाही, माझं घ्या.

माझं घ्या! म्हणजे मशीन तिचं, टेबल तिचं आणि नळी माझी. मी काय दूधखुळा आहे? गोड हसून थँक्यू म्हणालो आणि कोपऱ्यातलंच लावलं. आकडा झरझर ९५ वर गेला. तापत नाही म्हणे.

दुपारी

प्रोटीन ठणठणीत! रेघ होती तशीच.

एकच खटकलं. तुलनेसाठी साधी अँटिबॉडीही तापवली होती. ९५ अंशांना तिचा निकाल लागायला हवा होता. तिचीही रेघ आली. म्हणजे माझं प्रोटीन कोणीतरी अँटिबॉडीच्या नळीत ओतलं. कोणी, ते लिहायची गरज नाही.

११ मार्च

अँटिबॉडीची नवी नळी. स्टोअरमधून थेट शर्टाच्या खिशात. जेवताना खिशात, बाथरूमला जाताना खिशात. मग तापवली. पुन्हा रेघ!

आठवलं. कॉरिडॉरमध्ये मांजरबाईचा धक्का लागला होता. सॉरी म्हणाली होती. सॉरी नेमकं कशाबद्दल?

१२ मार्च

बायकोला सगळं सांगितलं. तिनं भाजी चिरता चिरता विचारलं, तू त्या मशीनला हात लावून पाहिलास का? मी म्हणालो, ९५ अंशांना हात लावत नाहीत, मी नियमाचा माणूस, जाड हातमोजे घालतो.

नंतर विचार केला. बरोबर मशीनच हिच्या डोक्यात कसं आलं? ऑफिसच्या गॅदरिंगला ही आणि मांजरबाई जेवताना शेजारी बसल्या होत्या आणि खूप हसत होत्या. लक्षात ठेवायला हवं.

१६ मार्च

रिपोर्टमधून अँटिबॉडी काढून टाकली. शत्रूच्या हाती लागलेल्या नळीचं काय खरं?

मांजरबाईने आज कहर केला. मशीन दुरुस्तीला पाठवायचंय, तुमचं झालं का, असं विचारलं. पुरावा नष्ट करायचा डाव सरळ दिसतोय. मशीन माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली मोज्यात. टोचते, पण चालायचंच.

२० मार्च, सकाळी

नवा शर्ट. मास्टरस्ट्रोक सुचला आहे. मशीनवर उद्या कोणी शंका घेईल, म्हणून मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर चहाच्या किटलीतलं उकळतं पाणी! दोघांच्या नळ्या त्यातच बुडवायच्या. मांजरबाईचं तोंड बघण्यासारखं होणार. बायकोला सांगितलंय, संध्याकाळचा स्वयंपाक करू नकोस, बाहेर जाऊ.

दुपारी

नळ्या बुडवल्या. तिची नितळ राहिली. माझी पांढरी झाली. उकडलेल्या अंड्यासारखी. पट्टीवर रेघ सोडा, ठिपकासुद्धा नाही.

मॅडमनी नळी उजेडात धरली आणि हळूच परत स्टँडमध्ये ठेवली. त्यांनी ओरडायला हवं होतं. मांजरबाई म्हणाली, यांचं चिकटतं मात्र माझ्यापेक्षा छान, दोन्ही जोडून पाहता येईल. यात काय डाव आहे ते शांतपणे ठरवू.

निवड तिची झाली.

चार वाजता

ती किटली इथे कोणी आणली, याची चौकशी केली. दोन वर्षांपूर्वी मीच.

संध्याकाळी

सगळे गेले. बायकोचा दोनदा फोन आला, उचलला नाही. काय सांगू?

मोज्यातून किल्ली काढली, कपाट उघडलं, मशीन लावलं. आकडा झरझर ९५ वर गेला. हातमोजा काढला आणि तळहात टेकवला.

गार.

मांजरबाईने सांगितलं होतं. बायकोनं सांगितलं होतं. अँटिबॉडीने तर दोनदा सांगितलं. फार लाज वाटली. हात तसाच ठेवून बसलो.

आकडा अजून ९५ दाखवतोय. लबाडी करत नाहीये बिचारं. त्याला खरंच तसं वाटतंय.