आइतवारचं पातेलं

रविवार, २२ सप्टेंबर

चिमीने आज माझ्याआधी आमेन म्हटलं!

पातेलं अजून वाडीतल्या शिदूच्या ओट्यावर टेकवलं नव्हतं. खांद्याला कळ लागलेली, आणि ही चार वर्षांची पोरगी डोळे गच्च मिटून, हात जोडून समोर उभी. "आमेन! वाढा आता." सगळी पोरं हसली. मीही हसलो. मग रीतीप्रमाणे डोळे मिटले, अन्नाबद्दल मोठ्याने देवाचे उपकार मानले. आमच्या घरी चहासुद्धा प्रार्थनेशिवाय कुणी घेत नाही. हात आपोआप जुळतात.

तिने पुन्हा पुन्हा खिचडी मागून घेतली. तिचा दंड माझ्या अंगठ्यात आणि बोटात मावतो, वर जागा उरते.

वरच्या वाडीत हे दिवस वाईटच. गेल्या सालचा तांदूळ संपलेला, नवं भात अजून हिरवं. मजुरी नाही. ओढ्याला पाणी असलं की लहान पोरं खाली अंगणवाडीलाही येत नाहीत. लोणावळ्याच्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ बाजूला काढतात आणि रविवारी उपासनेला आणतात. तोच शिजवून मी पोरांसाठी वर नेतो. जूनपासून. एवढंच. फार काही नाही.

मंगळवार, २४ सप्टेंबर

अंगणवाडीची सविता मळवलीच्या फाटकापाशी भेटली. हसत होती. "रतनभाऊ, काल ओढा उतरला म्हनून तुमची चिमी आलती. समद्या पोरांना डोळे मिटायला लावलं तिनं! आमेन केल्याबिगर घास घ्यायचा न्हाई म्हनं. दारातल्या शेळीला पाला घातला, तर तिलाबी आमेन!"

हसता हसता थांबली. "पन भाऊ, महिपती आबांचा नातू ओंकार हुता तितं. त्यानं मोबाइल काढला. जरा जपून."

गुरुवार, २६ सप्टेंबर

मी ज्या बंगल्याची राखण करतो तिथे आज महिपती आबा आले. भाजे गावात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. खुर्ची दिली तर पायरीवरच बसले.

"रतन, पोरं बाटवतोस व्हय?"

"आबा, खिचडी देतो."

"खिचडीबरूबर काय देतोस ते इचारतोय."

"आम्ही जेवायच्या आधी—"

"तुमी तुमच्या घरात काय बी करा. गावात कुणी कधी बोललं तुला? तुझ्या बापाच्या मातीला मी खांदा दिलाय."

खरं आहे. दिला होता.

"ओंकारनं गुरुपवर टाकलंय. पोरं तापलीत. ह्या आइतवारी वर जाऊ नगंस. माझ्या हातात न्हाई राह्यलं."

चहा मात्र पिऊन गेले. माणूस वाईट नाही— तेच अवघड आहे. वाईट असते तर मी त्यांचं ऐकलं नसतं.

रविवार, २९ सप्टेंबर

वर गेलो नाही.

आज मंडळीत हंगामाचा सण. वेदीपुढे भोपळे, काकड्या, अळूच्या जुड्या, पाय बांधलेला एक कोंबडा. उपासनेनंतर नेहमीसारखा लिलाव. कोंबड्यावर बोली चढत गेली, कमिटीतल्या याकोबकाकांनी तो घेतला, टाळ्या वाजल्या. आनंदाचा दिवस. माझं लक्ष डोंगराकडे.

सगळे पांगल्यावर कमिटीला विचारलं— मुठीचा तांदूळ पुन्हा वर नेऊ द्या, फक्त प्रार्थना मोठ्याने करणार नाही. म्हणजे गावाला बोलायला जागा राहणार नाही.

याकोबकाका तापले. "प्रभूच्या नावाची लाज वाटायला लागली का रे तुला? तांदूळ कुणाचा आहे? आधी उपकारस्तुती, मग घास. तुझ्या बापानं तुला हेच शिकवलं ना?"

हेच शिकवलं. ते चूक आहेत असं छातीठोक म्हणवत नाही. प्रभूला नाकारणं म्हणजे काय, आणि लेकराला नाकारणं म्हणजे काय— माझ्यासारख्याने कुठे तोलायचं?

"कमिटी बसेल, मग बघू," बाकीचे म्हणाले.

कधी बसेल?

"बसेल की."

सोमवार, ३० सप्टेंबर

न वापरलेलं पातेलं घासून ठेवलं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

कामशेतच्या बाजारात निर्मला दिसली, चिमीची आई. सरपणाची मोळी विकायला बसली होती. चुकवून जावं असं वाटलं. तिने हाक मारली.

"भाऊ, आमचं काय चुकलं?"

"तुमचं नाही गं. गावात बोलणं झालं."

"बोलनं आमच्यावरनं झालं, आन आमालाच कुनी इचारलं न्हाई."

मी पायाशी पडलेली काटकी उचलून तिच्या मोळीत खोचली.

"तुमचा द्येव घ्या असं तुमी कधी म्हनला न्हाई. म्हनला असता तरी मी खिचडीच घेतली असती." स्वतःच हसली. मग म्हणाली, "चिमी आइतवारी सकाळपासनं वाटंला जाऊन बसलीती. बोलावलं तरी हालंना."

बिस्किटाचे पुडे घेऊन दिले. आजूबाजूला बघून, मोळीखाली सरकवले. चोरीचा माल असावा तसे! अन्न द्यायला माणसाने असं घाबरावं?

शनिवार, ५ ऑक्टोबर

घास उतरत नाही. माझी बायको एस्तेर ताट पुढे सरकवून म्हणाली, "तुम्ही उपाशी राहिलात तर त्यांचं पोट भरतं का?"

जेवलो.

रविवार, ६ ऑक्टोबर

पाळकसाहेबांचा उपदेश आज नेमका भुकेल्यांवर. शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो. बाहेर पडताना सगळे म्हणाले, छान झाला. मीही म्हणालो.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

धीर करून आबांच्या घरी गेलो. म्हटलं, "आबा, तुम्हीच वाढा. मी फक्त उचलून आणतो."

त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

"डोळं?"

"उघडे ठेवीन."

"आन त्वांड?"

"बंद."

"आन ती पोरगी आमेन म्हनली तर?"

"तिला मी काय सांगू, आबा?"

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "म्हनू दे. पोरच हाय. आइतवारी मी सोता येतो तुझ्यासंगं. बघू कोन काय बोलतंय."

आतून ओंकार ओरडला, "आबा!"

"गप रं. जेवलायस ना तू?"

गुरुवार, १० ऑक्टोबर

पाळकसाहेबांचा फोन आला. "रतन, तू ने. कमिटी बसली नाही तर न बसो. याकोबकाकांना मी समजावतो."

फोन ठेवला आणि तिथेच गुडघ्यावर बसलो. डोळ्यांत पाणी आलं, लाज कसली.

एस्तेरला विचारलं, "मनातल्या मनात उपकार मानले तर चालेल ना?"

"देवाला बहिरा समजलात काय?"

तांदूळ निवडून ठेवला आहे. आजच वर जावंसं वाटत होतं. पण आबा सोबत असलेले बरे. रविवार काही लांब नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

वाडी रिकामी. दारांना काठ्या आडव्या लावलेल्या. एकाही घरातून धूर नाही. चिमीच्या दाराशीही तेच. आबा आणि मी शिदूच्या ओट्यापाशी उभे, मधे गरम पातेलं.

शेवटच्या घरातून एक म्हातारी बसल्या बसल्या सरकत उंबऱ्यापर्यंत आली. आबा म्हणाले, ही बयाबाई, चिमीच्या बापाची आई. चार महिने मी वाडीत येतोय, तिला कधी पाहिलं नव्हतं.

"परवा वीटभट्टीवाल्याचा टेंपू आला. पोराबाळांसकट समदी गेली. नाचनी तशीच रानात. घरात काय नव्हतं, थांबून काय करतील? मला चालाय येत न्हाई, म्हनून ठिवलं राखनीला. आता शिमग्याला येतील."

आबांनी टोपी काढून हातात धरली. मी पातेलं उचलायला वाकलो.

"पोरं न्हाईत म्हनून माघारी नेतूस व्हय रं?" म्हातारी म्हणाली. "मला दर आइतवारी नुसता वास यायचा."