कोरड्या वाळूतली अंगठी

तुबली, बहरीन
ता. १० सप्टेंबर १९९५

लाडकी लेक अकीला हिस,

अस्सलामु अलैकुम. तुझ्या अलीमियाँ चाचाचा जीव अजून जागेवर आहे, दोन वेळा भूक लागते, गुडघे तेवढे कुरकुरतात; तेव्हा माझी काळजी नको. झोयाला माझ्याकडून दोन्ही गालांचे पापे. तिला म्हणावं, चाचाआजोबा येताना बोलणारी बाहुली आणेल, पण आईला त्रास दिला नाही तरच.

पाठवलेले सोडे पोचले. शुक्रवारी वांग्यात टाकीन म्हणून ठेवले होते, ते तसेच राहिले. इथली हवा म्हणजे भट्टीचं दार उघडावं तशी आहे. खोलीतला एसी खोकतो जास्त, गार करतो कमी.

बघ, पान भरत आलं आणि तू विचारलेल्या एका गोष्टीला मी हात घातलेला नाही. तुझा भाऊ झैद अब्बांना बघायला कधी येतोय, एवढंच तुला हवंय. दारात रिक्षा थांबली की अब्बा उशीवरून मान उचलतात, असं तू लिहिलंस. ते वाचून मी चहा तसाच ठेवून उठलो. तो नुसता तुझा बाप नाही, माझा थोरला भाई आहे. त्याच्या खांद्यावर बसून मी बंदर बघितलंय.

झैदची तब्येत बरी आहे. हाताला थोडं लागलंय.

आता नीट सांगतो. आमच्या वर्कशॉपचा मालक नजीबशेठ तुला ऐकून माहीत आहे. आपल्याच बाजूचा माणूस, जिभेवर साखर. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या लोखंडी कपाटात, माझाही. इथे लीव्ह ऑफिसात मागायची नसते. मागितली की शेठ म्हणतो, "शुक्रवारी अस्करला या, बघू." अस्कर म्हणजे ॲल्युमिनियमच्या मोठ्या कारखान्याजवळचा किनारा. तिथे शेठ तंबू लावतो, बकरा कापतो, मी भात शिजवतो, आणि मग खेळ सुरू होतो.

मुलुखाला परत जाणाऱ्या एका इंग्रज साहेबाकडून शेठने धातू शोधायचं मशीन घेतलं आहे. लांब दांडा, खाली जेवायच्या ताटाएवढं चक्र, कानाला लावायचे भोंगे. दांड्यावर एक चाक असतं, ते फिरवून मशीनचा स्वभाव बदलतो. पहिल्या खुणेवर ते प्रत्येक धातूला बोलतं, गंजक्या खिळ्यालासुद्धा. दुसऱ्या खुणेवर चाळणी लागते: खिळे, डब्याची झाकणं, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, असला केर ते ऐकूनही गप्प बसतं. माणसाला वाटतं, काय शहाणं मशीन. पण बारीक सोन्याचा आवाज आणि त्या चंदेरी कागदाचा आवाज मशीनला एकच वाटतो, म्हणून पातळ अंगठी त्या चाळणीतून केराबरोबरच जाते; जाड नाण्याला तेवढं बोलतं. तिसरी खूण ओल्या वाळूची. ती लावली नाही तर पाण्याजवळ खाऱ्या ओलीनेच मशीन तापल्या तेलातल्या मोहरीसारखं तडतडतं. हे मला कोणी शिकवलं नाही. भात मुरेपर्यंत मशीन पुसायचं काम माझ्याकडे, तेव्हा मी करून बघितलंय.

शेठ आपली करंगळीतली बारीक अंगठी वाळूत पुरायला लावतो. उन्हं कलताना अस्रची बांग होईस्तोवर ती शोधली तर पासपोर्ट हातात. चाकाला हात लावायचा नाही, लावला तर बाद. बाकीचे तंबूत बसून खातात आणि पैजा मारतात.

गेल्या वर्षी तुझी सासू अंथरुणाला खिळली तेव्हा आपला जावई मुझम्मिल त्या वाळूत उतरला होता. तुला त्याने सांगितलं नसेल. अंगठी पाण्याच्या काठाला पुरलेली आणि मशीन पहिल्या खुणेवर. जिथे चक्र टेकवावं तिथे किंकाळी. लोक हसून लोळत होते. मुझम्मिलने चक्र वीतभर वर धरलं, तडतडीच्या खालचा बारीक आवाज कान लावून धरला आणि अंगठी काढली. मी जमिनीवर बसून रडलो, खरं सांगतो. शेठने त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "असा कान असलेला वेल्डर मी सोडीन का? इंशाल्ला, पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात तुझ्या सासूचं दफन झालं. तू तेव्हा मला लिहिलंस की तुमच्या जावयाचं काळीज दगडाचं आहे. तेव्हा नव्हतं.

त्यानंतर मुझम्मिलने शेठकडे एकदाही काही मागितलं नाही. तो फक्त अंगठी पुरायला लागला. आज कोणाची पाळी, कुठे पुरायची, चाक कुठल्या खुणेवर ठेवायचं, सगळं शेठ त्याला विचारतो. बिहारी, मलबारी, आपले कोकणातले, कितीजण त्या वाळूतून हात झाडत परत आले. रात्री ताटावर बसला की मुझम्मिल माझ्याशी पहिल्यासारखाच बोलतो, झोयाचा फोटो काढून दाखवतो. म्हणून मी समजत होतो, हे वरवरचं आहे.

परवाच्या शुक्रवारी झैदची पाळी होती.

शेठने आधीच सांगून ठेवलं होतं, तुमच्या घरात लीव्ह एकच देणार, मेहुण्याला नाहीतर दाजीला. झैदला त्यात काही वावगं दिसलं नाही. तो मला म्हणाला, "चाचा, दुल्हेभाई आहेत ना, ते बघतील." आणि मुझम्मिलने बघितलं. स्वतःच्या हाताने भोंगे त्याच्या कानावर बसवले, पट्टा घट्ट केला, पाठीवर थाप मारली. "मी लावून दिलंय तुला. गप्प राहणारं मशीन चांगलं. बोललं की खण." झैद म्हणाला, "तुमचे उपकार, दुल्हेभाई."

शेठ गालिच्यावर लवंडला होता. "झैदभाई, बापाला भेटायचंय ना? मग बाप वाळूखाली आहे असं समज. काढ वर."

सगळे हसले. मुझम्मिलही.

पोरगं उन्हात चालत राहिलं. मशीन बोललं की गुडघ्यावर बसून खणायचं. फावडं द्यायचं नाही असा नियम, म्हणून बोटांनी. वर वाळू, खाली शिंपल्यांचा थर, कातीसारखा. निघायचं काय, तर जाडी नाणी. ती मुझम्मिलनेच खोल पुरून ठेवली होती. प्रत्येक नाण्याला तंबूतून टाळ्या. बोटांतून रक्त यायला लागलं तेव्हा कोणीतरी ओरडलं, "मेंदी चांगली रंगलीय, लग्न काढा." मी भाताचं झाकण टाकून गेलो, त्याला पाणी पाजलं आणि चाकाकडे बघितलं. दुसरी खूण. चाळणी.

मी शेठला तिथूनच म्हटलं, "हे मशीन सोन्याला बोलणारच नाही. चाक फिरवून द्या, मग खेळा."

शेठ म्हणाला, "चाचा, भात बघा, खाली लागतोय." आणि दोघांनी मला दंडाला धरून चुलीकडे आणून सोडलं.

बांग झाली. मुझम्मिल उठला, सावकाश चालत कोरड्या वाळूत गेला, पायाच्या अंगठ्याने वाळू सारली आणि अंगठी उचलली. तिच्या चारी बाजूंना झैदचीच पावलं होती. तो तिच्यावरून किती वेळा गेला असेल, अल्लाला ठाऊक.

झैदने भोंगे काढले. ओरडला नाही. नुसतं विचारलं, "दुल्हेभाई, तुम्हाला माहीत होतं?"

मुझम्मिल म्हणाला, "माझी अम्मा जात होती तेव्हा मला कोणी चाक फिरवून दिलं होतं?"

शेठने त्याच गालिच्यावर मुझम्मिलला पासपोर्ट दिला. म्हणाला, "बायको खूश होईल तुझी."

तेव्हा, बेटी, झैद येत नाही. मुझम्मिल येतोय. परवाच्या विमानाने निघेल. हे पत्र मी टपालात टाकत नाही, आपला उस्मान उद्या निघतोय त्याच्या हाती देतोय, म्हणजे मुझम्मिलच्या आधी तुझ्या हातात पडेल. तो तुला सांगेल, झैदला लीव्ह मिळाली नाही. ते खोटं नाही, म्हणून तू ऐकून घेशील, आणि मला तसं व्हायला नकोय. झैदची दोन नखं गेली आहेत, हाताला पट्टी आहे, तरी शिफ्टला जातो. मी घास भरवला तर खातो. अकीलाला काय लिहू असं विचारलं तर म्हणाला, "लिहा, काम आहे."

तू मुझम्मिलला घरात घे की दारातून परत पाठव, त्यात मी पडणार नाही. तुझा नवरा आहे, झोयाचा बाप आहे, आणि तीन वर्षांनी येतोय. पण त्याआधी एक काम कर.

अब्बांना आता डोळ्यांनी माणूस कळत नाही, पलंगाजवळ कोणी आलं की हात चाचपून "झैद का?" म्हणतात, असं तू लिहिलंस. मुझम्मिल आला की त्याला चहा विचारायच्या आधी त्या पलंगाजवळ ने. त्याचा हात भाईंच्या हातात दे आणि मोठ्याने सांग, "अब्बा, झैद आला."

तो हात मागे घेईल. घेऊ देऊ नकोस. भाई बोटं चाचपतील, थकलास का, जेवलास का विचारतील, लहानपणी मारलं त्याची माफी मागतील, काय काय साठवून ठेवलं असेल ते बोलतील. मुझम्मिलने ते सगळं बसून ऐकायचं आणि झैद म्हणून हूं द्यायचं. भाई झोपले तरी त्याला उठू देऊ नकोस, ते जागे झाले की पुन्हा विचारतील. भाईंचा श्वास चालू आहे तोवर त्या घरात त्याचं दुसरं नाव नको.

खोटं बोलायला मी सांगतोय. त्याचा जाब मी देईन, तू नाही.

भाईंना माझा सलाम सांग. म्हणावं, झैदला विमानतळावर सोडायला अलीमियाँ स्वतः गेला होता.

तुझा चाचा,
अलीमियाँ