संध्याकाळचा हँडओव्हर

रविवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

प्रिय ताई,

तुला नमस्कार, तुझ्या होस्टेलच्या खोलीला नमस्कार, आणि झोपेत दात खाणाऱ्या तुझ्या रूममेटलाही.

लिहायचं लिहायचं म्हणत इतके दिवस टाळलं. कधी पेन सापडत नव्हतं, कधी बाबांची चादर बदलायची होती, आणि आज दोन्ही अडचणी संपल्यावर मी खिडकीतल्या कबुतरांची भांडणं बघत बसलो. त्यातलं एक लंगडं आहे, तेच बाकीच्यांना हुसकावून लावतं. असो. रोज फोन होतो तर पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू विचारतेस आणि माझ्या तोंडून उत्तर आपोआप बाहेर पडतं, म्हणून पत्र.

आधी खुशाली. बाबांच्या पाठीला जखम नाही. कूस बदलायला चुकत नाही, टाचांखाली उशी असते. चादरीचे कोपरे तू शिकवलेस तसेच घट्ट दुमडतो. आता कुठे सुरकुती दिसली की माझे हात शिवशिवतात. गावोगाव आकाशपाळणा उभारत फिरायचो तेव्हा मी महिनामहिना पांघरूण झटकत नव्हतो. टोळीच्या उस्तादला हे सांगितलं तर पाळण्यावरून पडेल हसून.

उस्तादचा निरोप आला होता. टोळी पुढच्या मुक्कामाला निघाली, माझी जागा त्याने अजून भरली नाहीये. मी नुसतं बरं म्हटलं. इथे माझा फेरा म्हणजे पलंग, ओटा, मोरी, पुन्हा पलंग. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, तिच्यावरच्या ओलीचे डाग मला तोंडपाठ झालेत. बाहेर जायचं ते औषधाच्या दुकानापर्यंत, आणि येताना पळत. परवा स्टॉपवर सहज थांबलो तर बस आली, दार उघडलं. कंडक्टर म्हणाला, चढायचंय की नुसतं बघायचंय? मी हातातला कापूस आणि पट्ट्या दाखवल्या, जणू तेच तिकीट, आणि घरी आलो.

बाबांची जीभ अजून जड आहे, पण विनोद सुटलेला नाही. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. काल मला म्हणाले, "दोन मजल्यांच्या मध्ये अडकलोय रे, आणि मेकॅनिकही मीच." मी हसलो. मग मोरीत जाऊन उगाच बादली घासत बसलो.

तू शुक्रवारी फोनवर किती खूश होतीस. इतकी वर्षं नर्स म्हणून वॉर्ड सांभाळलेली तू, आणि तिथे कॉलेजात तुझ्याहून लहान एखादी मास्तरीण विचारणार, हे असं का केलं त्याचं कारण सांगा. हात आधी चालतात, कारण नंतर सुचतं, म्हणून गुण कापणार. पहिल्या सहामाहीत तू यावरून रडली होतीस, आणि पलीकडे रूममेट आहे म्हणून सर्दीचं निमित्त सांगितलं होतंस. आता गाईड मॅडमनी तुझीच केस स्टडी निवडली, सगळ्या विभागासमोर मांडायला. लकवा झालेल्या माणसाची घरच्यांनी घेतलेली काळजी. पेशंट बाबा. घरचा माणूस मी.

ताई, बाबा चालत नाहीत.

उभेही राहत नाहीत. तू गेलीस त्याच आठवड्यात व्यायाम शिकवणाऱ्या माणसासमोर ते मोरीच्या दारात पडले. लागलं नाही, पण कपडे ओले झाले आणि ते त्या माणसाने पुसले. तेव्हापासून पाय खाली टाकायला तयार नाहीत. हे मी तुला त्याच संध्याकाळी सांगायला लागलो, तर पडले एवढं ऐकूनच तू म्हणालीस, "बॅग भरते. शिक्षण काय, नंतरही होईल." आईच्या आजारपणात असाच प्रवेश सोडून आली होतीस. ते "नंतर" यायला किती वर्षं गेली, ते मला ठाऊक आहे. मी घाईघाईने म्हटलं, अगं थांब, पडले पण लगेच उठले. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोनवर हँडओव्हर देताना सांगितलं, आज आधाराने दोन पावलं.

हा हँडओव्हर तूच शिकवलास. ड्युटी संपवून जाणाऱ्या नर्सने येणारीला सगळं सांगायचं: खाल्लं काय, लघवी किती, कूस कधी बदलली, व्यायाम काय झाला. आणि येणारीने त्यावर विश्वास ठेवायचा, नाहीतर वॉर्ड चालणारच नाही. तू विश्वास ठेवलास. ऐकलंस आणि लिहून घेतलंस.

दोन पावलांवर थांबता येईना. तू विचारायचीस, आधी कुठला पाय टाकतात? वळताना तोल जातो का? माझा फोन बटणांचा, म्हणून फोटो मागता येईना तुला, आणि सुट्टीतही तिथल्या ड्युटीमुळे घरी येता आलं नाही, तेही माझ्या पथ्यावर पडलं. मी बाबांची काठी घेऊन खोलीत चालून बघायचो, म्हणजे सांगताना अडखळायला नको. शाळेत कधी एवढं मन लागलं नव्हतं. बाबा पलंगावरून बघायचे. एकदा म्हणाले, डावा एवढा उचलू नकोस, तिला संशय येईल. मी म्हटलं, मग तुम्हीच दाखवा ना चालून. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि जेवणापर्यंत वळले नाहीत.

तर ती केस मांडू नकोस. मॅडमना काय सांगायचं ते सांग, भाऊ खोटारडा निघाला म्हण. पण शिक्षण सोडून परत येऊ नकोस. आणखी एक लिहायचं राहिलंय. मला इथून सुटायचंय, रोज. तू आलीस की मी सुटणार, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आणि तुझ्या तोंडून बॅग हा शब्द ऐकल्यावर क्षणभर बरं वाटलं होतं मला. त्याचीच मला जास्त

मध्येच थांबावं लागलं. बेल वाजली. दारात एक पिकल्या केसांच्या बाई, खांद्याला पिशवी. इथल्या नर्सिंग शाळेत परीक्षा घ्यायला आल्या होत्या म्हणे, तुझ्याकडून पत्ता घेतलेलाच होता, तुला न कळवता डोकावल्या. तुझ्या गाईड मॅडम. चप्पल काढता काढता विचारलं, "कुठपर्यंत चालतात आता?"

त्यांना दाराशी खुर्ची दिली. पाणी आणतो म्हणून ओट्यापाशी आलोय आणि उभ्याउभ्याच लिहितोय. बाबांनी आतून विचारलं, कोण आहे. मी सांगितलं. मग म्हणाले,

"आत आण त्यांना. आणि ते लिहितोयस तेही घेऊन ये."

म्हणून ताई, हे तुझ्याआधी त्या वाचतील. त्यांच्यासाठी एक ओळ मुद्दाम स्वच्छ अक्षरात लिहितो: माझ्या बहिणीला यातलं काहीही माहीत नव्हतं. तिने तिच्या रीतीप्रमाणे विश्वास ठेवला.

पाणी घेऊन आत जातोय.

तुझा,
भोवरा