वाय आणि व्हय

१२ जानेवारी, सोमवार
बातमी खरी निघाली. जूनपासून इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात येणार. पहिली-दुसरीची मुलं त्या गाडीत बसली की आपली शाळा बंद, आणि माझी बदली खाडीपलीकडच्या शाळेत. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सभा आहे. पालक तिथेच ठरवून अर्ज भरणार.
घाबरण्याचं कारण नाही. तोवर मुलांचे व्हॉवेल्स आणि कॉन्सोनंट्स पक्के करतो. सभेत प्रात्यक्षिक. विषय संपला.

१३ जानेवारी, मंगळवार
सुरुवात उत्तम. ए, ई, आय, ओ, यू. मुलं खच्चून ओरडली. बायजा आजी कुंपणाशी येऊन उभी राहिली. पोरं आयला कशाला हाका मारतात, मारलंत काय गुरुजी, असं ती विचारू लागली. हे स्वर आहेत, असं समजावलं. ती म्हणाली, सूर लागत न्हाय.

१५ जानेवारी, गुरुवार
व्याख्या दिली. अडथळ्याशिवाय तोंडातून निघतो तो स्वर. बायजाची नात तेजस्वी, इयत्ता दुसरी, हिनं हात वर केला. एफ, एल, एम, एन, एस यांची सुरुवात ‘ए’ने होते, मग ते स्वर का नाहीत? आणि ‘यू’ची सुरुवात ‘य’ने होते, मग तो व्यंजन का नाही? वर्ग तिच्या बाजूला गेला. हे पुढच्या वर्षी आहे, असं सांगितलं. पुढच्या वर्षी आम्ही गाडीत असू, असं ती म्हणाली.
संकल्प: उद्यापासून वर्गात प्रश्न फक्त मी विचारणार.

१९ जानेवारी, सोमवार
तिसरी-चौथीच्या नूतन मॅडमना तयारी सांगितली. माझा नियम साधा आहे. प्रत्येक इंग्रजी शब्दात पाचांपैकी एक तरी स्वर असतोच. त्यांनी विचारलं, ‘स्काय’मध्ये कुठला? एस, के, वाय. मी म्हणालो, सायलेंट. त्या म्हणाल्या, लिहिलेलाच नाही तो सायलेंट कसा? तिथं वाय स्वराचं काम करतो. सांगून टाका मुलांना.
सभा तोंडावर आलेली असताना पाचाचे सहा करायचे? मुलं गोंधळतील. माझा प्रश्न नाही, मुलांचा आहे.
मार्ग सापडला. वायवाले शब्दच टाळायचे.

२१ जानेवारी, बुधवार
भिंतीवरचं आकाशाचं चित्र काढलं. माशीचंही, कारण फ्लाय. ‘माय नेम इज’ बंद. यापुढे ‘आय ॲम’.
चित्रं कुठं गेली, असं तेजस्वीनं विचारलं. वाळवी लागली, असं सांगितलं. मधल्या सुट्टीपर्यंत वर्ग वाळवी शोधत होता.

२४ जानेवारी, शनिवार
रंगीत तालीम निर्दोष. कॅट, पेन, पिग, डॉग, बस. तेजस्वीला प्रात्यक्षिकातून काढून बिस्किटं वाटायला दिली. मोठी जबाबदारी आहे, म्हणालो.
नूतन मॅडम म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही. कसली, ते विचारलं नाही.
छातीत धडधडतंय. चहा कमी करायला हवा.

२६ जानेवारी, सोमवार
सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. पिगला टाळ्या पडल्या. मग कुलदीप उठला. तेजस्वीचा बाप. उरणच्या बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवतो. म्हणाला, आमच्या डब्यांवर डी-आर-वाय लिवलेला असतो, ड्राय. त्यात स्वर कंचा?
सायलेंट, मी म्हणालो.
मग बिस्किटांच्या ताटामागून तेजस्वी म्हणाली, वाय.
मी कडक आवाजात विचारलं, वाय हा स्वर आहे का?
ती म्हणाली, व्हय.
मी म्हणालो, अक्षराचं नाव कळलं, तो स्वर आहे का ते सांग.
ती म्हणाली, व्हय.
पुन्हा विचारलं. आता तिचे डोळे भरले. तरी तेच. बायजा उठून उभी राहिली. अवो गुरुजी, पोर हो म्हणतेय. इंग्रजीचं ऱ्हाऊ द्या, तुमाला मराठी तरी येतं काय?
बराच वेळ हशा. वातावरण खेळीमेळीचं राहिलं, ही जमेची बाजू.
ही माझीच विद्यार्थिनी, असं मी सभेला सांगितलं. ती म्हणाली, वाय मॅडमनी सांगितला, डबा खाताना.
कुलदीप जवळ आला. चिडलेला नव्हता. म्हणाला, तुमाला येत न्हवतं, त्याचं काय न्हाय. पण जिला येत होतं तिला बिस्किटांवर का बसवलंत?
मी म्हणालो, जबाबदारी.
त्यानं इंग्रजी शाळेचा अर्ज तिथेच भरला. त्याच्यामागे बाकीचे. रांग शिस्तीत होती.

२९ जानेवारी, गुरुवार
पिवळी गाडी आज रस्ता बघायला आली. गावात वळायला जागा नाही. फक्त शाळेच्या मैदानात आहे. ड्रायव्हरनं विचारलं, मागे घसरगुंडी आहे, कोणी हात दाखवेल का?
मीच उभा राहिलो. येऊ द्या. येऊ द्या. थोडं डावीकडे. बस.
मुलं ओळीनं बघत होती. गाडी एका दमात वळली. या वर्षात माझं बोलणं पहिल्यांदाच कुणीतरी नीट ऐकलं.