कुर्बान प्यायलेला नव्हता

मी, खुशालराव गोविंदराव अढाऊ, वय एकसष्ट, धंदा कृषी सेवा केंद्र, राहणार मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. माझ्या यकृतात गाठ आहे आणि दिवाळी दिसेल असे डॉक्टर म्हणत नाहीत. डोके शाबूत आहे. कोणाचा दाब नाही. उलट हे लिहू नये म्हणून मुलगी अपेक्षा दोनदा रडली.

१. राहते घर पत्नी शकुन हिला. ती तीन वर्षांपासून माझ्याशी कामापुरतेच बोलते. औषध मात्र कधी चुकवत नाही.

२. चांदूर रेल्वे येथील प्लॉट अपेक्षाला. पुढचे कलम गाळा, असे तिचे म्हणणे. ते गाळता येत नाही.

३. हे कलम मालमत्तेचे नाही. वकील म्हणाले, वेगळ्या कागदावर लिहा. पण वेगळा कागद माझ्यामागे कोणीतरी फाडून टाकील.

सन २०१२ मध्ये एका कंपनीने दुकानदारांना सांगितले की, कपाशीचे नवे औषध ठरल्याइतके विकले तर जोडप्याला मलेशियाची सहल. शकुन तोवर पातूरच्या लेण्यांपलीकडे कुठे गेली नव्हती. तिने नागपूरला जाऊन पासपोर्ट काढला. मलेशियातल्या मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकस्वामीच्या, देवळाला दोनशे बहात्तर पायऱ्या आहेत हे कळल्यावर रोज सकाळी स्टेशनचा पूल चढून गुडघ्यांना सवय लावली. प्रवासासाठी दोन ड्रेस शेजारच्या कुलसुमबीकडून शिवून घेतले.

कुलसुमबीचा नवरा शेख कुर्बान रोजाने फवारणीला जायचा. ऑगस्टअखेर सहलीसाठी माझे सात खोके कमी पडत होते. कुर्बान महादेवराव मानकरांच्या शेतासाठी औषध न्यायला आला. महादेवराव सोबत होते. त्याने विचारले, जुन्या औषधात हे नवे चालते काय? चालत नाही, हे मला माहीत होते. मी म्हणालो, "दोन्ही एकत्र कर अन् डबल मार." हातमोजे दुकानात होते. दिले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्याला अकोल्याला दवाखान्यात नेले. जीव वाचला, डोळे गेले.

चौकशी आली तेव्हा मी लिहून दिले की, कुर्बान दारू पिऊन होता, त्याने मनानेच मिसळले. त्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. दुकानातले बोलणे महादेवरावांनी ऐकले होते, पण चौकशीत सांगितले नाही. माझ्या जबाबावर त्याची सरकारी मदत नाकारली गेली. बाप दारुडा म्हणून नगमाची, म्हणजे त्याच्या मुलीची, सोयरीक मोडली.

शकुन दवाखान्यात डबा घेऊन गेली तेव्हा कुलसुमबीने तिला एवढेच विचारले, "भाभी, यायले दारुडं काहून म्हटलं?" शकुनने घरी येऊन पासपोर्ट माझ्या मांडीवर ठेवला. मी एकटा गेलो. पाच दिवस राहिलो. तिथे एका खाणावळीत तामिळ, चिनी, मलायी माणसे एकाच बाकावर जेवत होती. मला कुर्बानच्या घरचा ईदचा शीरखुर्मा आठवला. दर वर्षी पहिला वाटा आमच्याकडे यायचा. ताटावरून उठलो. देऊळ खालूनच पाहिले.

माझा तो जबाब खोटा होता. दोष माझा आहे. या कलमाच्या नकला पोलीस ठाण्यात व तालुका कृषी कार्यालयात द्याव्यात. मी मरेपर्यंत थांबू नये.

४. दुकानाचा गाळा कुर्बान व कुलसुमबी यांना द्यायचा असे आधी लिहिले होते. मी त्यांच्या दारी चार वेळा गेलो. कुर्बान भेटला नाही. काल कुलसुमबी स्वतः आली. कलम तीन वाचून घेतले. साक्षीदार कोण, म्हणाली. वकिलांनी सांगितले की, ज्याला मालमत्ता मिळते त्याने साक्षीची सही केली तर ते देणे रद्द होते.

ती म्हणाली, "मंग आमचं नाव काढा. गाळा नको आमाले. सही मी करते."

मी हात जोडून म्हणालो, निदान नगमासाठी राहू दे. माझ्याजवळ दुसरे देण्यासारखे काही नाही. ती नाही म्हणाली. माफ करशील काय, असे मी विचारले.

"माफीचं त्यायले विचारा. मी सहीपुरती आली."

म्हणून ते देणे रद्द. गाळा शकुनला. दुकानाचा परवाना आजच परत पाठवला.

वरील मजकूर वाचून घेतला. तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो. सोबत अंगठाही देतो.

मूर्तिजापूर, ९ सप्टेंबर २०१५

खुशालराव गोविंदराव अढाऊ (सही व अंगठा)

साक्षीदार:
१. महादेवराव मानकर. कलम तीनमधील बोलणे मी त्या दिवशी कानाने ऐकले होते. (सही)
२. कुलसुमबी शेख कुर्बान (सही)