शिवायचे की शिवलं

प्रिय ठमे,

तू हसशील म्हणून सांगितलं नव्हतं, पण गेले काही महिने मी स्पॅनिशच्या वर्गाला जाते. दुपारी दुकानाला कुलूप लावते आणि कॉलेजच्या पोरांशेजारी बाकावर बसते. नातीला माझी भाषा येत नाही, जावईबापूंच्या मराठीची गाडी 'बरं आहे'च्या पुढे सरकत नाही. मग म्हटलं, आपणच शिकावं. म्हातारचळ म्हण हवं तर.

बाकी सगळं जमतं, घोडं पेंड खातं ते भूतकाळाशी. तिथे तो दोन तऱ्हांचा. एक घडून संपलेल्याचा, दुसरा नेहमी चालायचं त्याचा. बाई म्हणाल्या, घरातल्या एखाद्या माणसाबद्दल बोला. मी तुझ्या बाबांबद्दल बोलले. कोसीआ, म्हणजे शिवायचे. खिडकीशी बसून शिवायचे, बेसूर गुणगुणायचे, सुई दातांत धरून माझ्याशी भांडायचे. लहान मुलांच्या कपड्यांना खाली चार बोटं कापड दुमडून ठेवायचे, पोर वाढलं की उसवून लांब करायला. तुझा एकच फ्रॉक वर्षानुवर्षं पुरायचा आणि तू रुसून बसायचीस. बाई खूश झाल्या. मग म्हणाल्या, आता शेवटचं वाक्य, ते मात्र घडून संपलेल्या भूतकाळात, एकदाच घडलं ना ते. वाक्य मला येत होतं गं. तोंडातून निघेना. पाणी पिऊन येते म्हणून बाहेर आले.

तूही फोनवर बाबांचा विषय निघाला की हवापाण्यावर घसरतेस. त्यांच्या त्या शेवटच्या दिवशी तू स्वतःच तिकडे दवाखान्यात पडून होतीस, कशी येणार होतीस? माझ्या मनात काही नाही. परवा नातीने विचारलं, आजोबा काय करायचे? मी तिच्या भाषेत सांगितलं, तर खुदकन हसली, अगदी तुझ्यासारखी. फोन ठेवला आणि मला रडू आलं.

आता पत्राचं कारण ऐक. बाबांनी तिच्यासाठी अंदाजाने पिवळा फ्रॉक बेतला होता. कच्चा धागा घालून ठेवलाय. पक्की शिलाई अंगावर घालून बघितल्यावरच, हा त्यांचा नेम, म्हणून मीही तो मशीनवर घेतलेला नाही. पोरगी वाढली असेल, पण खाली दुमड भरपूर सोडली आहे त्यांनी. सुट्टीत तिला घेऊन ये. तिला स्टुलावर उभी करू, मी माप घेईन, तू सुईत दोरा ओव. फ्रॉक शिवून झाला की ते शेवटचं वाक्य आपण दोघी मिळून बोलू. मला एकटीला नाही जमत.

वाट बघतेय,
तुझीच,
आई